स्मृतिस्थळातील नागदेवाचार्य : अनिच्छेने आलेल्या आचार्यपदाचा विचार

महानुभाव पंथाच्या इतिहासात श्रीचक्रधरांच्या खालोखाल ज्यांचे नाव घेतले जाते त्या नागदेवाचार्यांविषयी आपल्या वाङ्मयेतिहासांतून एक ठराविक चित्र रूढ झाले आहे. विस्कळीत झालेल्या शिष्यसमुदायाला त्यांनी एकत्र आणले, पंथाची घडी बसवली, संस्कृतज्ञ पंडितांना मराठीकडे वळवले आणि अशा रीतीने एका धर्मसंप्रदायाचे ते कुशल संघटक ठरले, असे या चित्राचे स्वरूप आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी हेच चित्र उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि भाषाभिमानाच्या व्यासपीठांवरून नागदेवांची दोन वचने याच अर्थाने उद्धृत केली जातात. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे नाही. तथापि, ज्या ग्रंथाच्या आधारावर ते उभे आहे तो ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ सावकाश वाचला असता एक निराळाच पुरुष समोर येतो. हा पुरुष पद मिळवणारा नसून, पद ज्याच्यावर येऊन पडले आहे असा आहे. त्याच्या वचनांचा अर्थ या दृष्टीने लावला तर तो पुष्कळसा बदलतो. तो कसा बदलतो, हे दाखवणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम काळ आणि स्थळ थोडक्यात सांगितले पाहिजे. श्रीचक्रधरांचे उत्तरापंथे गमन १२७४ च्या सुमारास झाले असे सामान्यतः मानतात. त्यानंतर त्यांच्या आज्ञेप्रमाणे शिष्यपरिवार ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी गेला. नागपूरहून कळमेश्वर, काटोल या बाजूने पश्चिमेकडे गेले असता वरूड-मोर्शीच्या टापूत हे गाव लागते. विदर्भातील वाचकाला ते अपरिचित नाही, आणि २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ तेथेच सुरू झाल्याने ते इतरत्रही ठाऊक झाले आहे. गोविंदप्रभू हे ईश्वरी अवतार, पण लोकदृष्टीने वेडे. त्यांच्या हयातीत कोणी पुढारी असण्याचा प्रश्नच नव्हता, सेवा करणे एवढेच काम होते. तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात गोविंदप्रभूंचेही अवसान झाले आणि हा समुदाय प्रथमच देवावाचून उरला. अशा स्थितीत सर्वांची दृष्टी ज्यांच्याकडे वळली ते नागदेव ऊर्फ भटोबास. त्यांचा मृत्यू १३०२ च्या सुमाराचा धरतात. म्हणजे त्यांच्या आचार्यपदाचा काळ फार तर दीड दशकाचा.

वा. ना. देशपांडे यांनी स्मृतिस्थळ १९३९ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराला जे नाव दिले त्याचा आशय ‘देवाच्या अनुपस्थितीत’ असा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे नामकरण फार मार्मिक आहे, कारण आमच्या मते ग्रंथाचा खरा विषय नागदेवांचे चरित्र हा नसून, उपदेश करणारा निघून गेल्यावर त्याच्या आज्ञेत कसे राहावे, हा आहे.

पद नाकारणाऱ्या साधूची कथा जगाला नवी नाही. ख्रिस्ती चरित्रवाङ्मयात तर ती एक रूढीच होऊन बसली आहे. चौथ्या शतकातील तूरचा मार्टिन काय किंवा मिलानचा अँब्रोझ काय, बिशपपदासाठी लोक शोधीत आले की त्यांनी टाळाटाळ करावी आणि लोकांनी त्यांना बळेच धरून न्यावे, असा क्रम ठरलेला आहे. मठवासी ग्रेगरी ५९० मध्ये पोप झाला. पद टाळण्याचा प्रयत्न का केला याचा खुलासा करण्यासाठीच त्याने धर्मगुरूंच्या कर्तव्यांवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. अशा कथा इतक्या एकसारख्या आहेत की नकार हा खरा की शिष्टाचार, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही.

या परंपरेतील सर्वांत ठसठशीत चरित्र म्हणजे बेनेडिक्टीय साधू अॅन्सेल्म याचे. इटलीतील आओस्ता येथे १०३३ मध्ये जन्मलेला हा तत्त्वज्ञ नॉर्मंडीतील बेक या मठात १०६० मध्ये साधू झाला, १०७८ मध्ये त्याच मठाचा अधिपती झाला आणि १०९३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याचा सहवासी शिष्य ईडमर याने त्याचे चरित्र लिहिले. त्यातील ग्लॉस्टर येथील प्रसंग विसरणे अशक्य आहे. लॅनफ्रँकच्या मृत्यूनंतर राजा विल्यम रूफसने चार वर्षे कँटरबरीचे पीठ रिकामे ठेवून त्याचे उत्पन्न स्वतःकडे घेतले होते. ६ मार्च १०९३ रोजी, मरणाच्या भीतीने ग्रासलेल्या राजाने आजारशय्येवरून अॅन्सेल्मची निवड केली. बिशपांनी त्याला ओढत शय्येपाशी नेले, धर्मदंड त्याच्या हातात देऊ लागले, तर त्याने मूठ घट्ट मिटली. बोटे उलगडण्याचा प्रयत्न झाला, त्याला वेदना झाल्या, अखेरीस मिटलेल्या मुठीवरच दंड दाबून धरण्यात आला आणि लोकांनी जयघोष केला. आपली आणि राजाची जोडी म्हणजे एका नांगराला मस्तवाल बैल आणि म्हातारी मेंढी जुंपण्यासारखे आहे, असे अॅन्सेल्मने त्या वेळी म्हटल्याचे ईडमर सांगतो.

प्रसंग मोठा नाट्यपूर्ण आहे, पण त्याने समकालीनांचे समाधान झाले नाही, हे विशेष. अॅन्सेल्मला या पदाचा लोभ होता अशी कुजबुज नॉर्मंडीत सुरू झाली आणि आपल्या पत्रांतून त्याला तिचे निराकरण करावे लागले. बेकमधील त्याच्या साधूंनीही त्याला एकमताने सोडले नाही. तात्पर्य, मिटलेली मूठ हा अनिच्छेचा पुरावा होऊ शकत नाही, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते. जे पद नाकारल्याने कीर्ती वाढते ते नाकारण्यात मोठेसे नवल नाही.

स्मृतिस्थळात असा प्रसंग नाही. गादी, दंड, शिक्का यांपैकी काहीच तेथे नाही, कारण देणारा राजा नाही, निवडणारी धर्मसभा नाही आणि द्यावयाचे असे पदही नाही. अडीचशेंहून अधिक लहानलहान स्मृतींचा हा ग्रंथ आहे. प्रत्येक स्मृतीत एखादी घटना, एखादा प्रश्न, एखादे उत्तर, आणि लगेच पुढची स्मृती. ईडमरजवळ कथानक आहे, स्मृतिकारांजवळ केवळ आठवणी आहेत. त्यामुळे नागदेवांच्या अनिच्छेचा शोध त्यांनी पद कसे नाकारले यात घेता येत नाही, ते त्यांनी कसे वागवले यात घ्यावा लागतो. वाचकाची ही अडचण म्हणजे वस्तुतः सोय आहे. रूढीचा जो भाग अॅन्सेल्मच्या चरित्रात आपल्याला बाजूला सारावा लागतो, तो येथे मुळातच नाही.

आता अनिच्छेच्या कारणाकडे वळू. बेनेडिक्टीय साधूला पद नकोसे वाटते, कारण एकांत, पठण आणि प्रार्थना यांत व्यत्यय येतो. पण त्याच्यापाशी या पेचातून सुटण्याचा एक मार्ग असतो आणि तो म्हणजे आज्ञापालन. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत. अशक्य वाटणाऱ्या गोष्टीची आज्ञा झाली तर काय करावे याला ६८ वे प्रकरण वाहिलेले आहे. अडचण नम्रपणे सांगावी, आणि तरीही आज्ञा कायम राहिली तर ती पाळावी, असा त्याचा निर्णय. अॅन्सेल्म मठातील दुय्यम अधिकारी असतानाच त्या पदातून मोकळीक मागण्यासाठी रूआँच्या आर्चबिशपकडे गेला होता. त्याने मोकळीक तर दिली नाहीच, उलट पुढे याहून मोठे पद आले तर तेही नाकारू नकोस असे बजावले. म्हणजे जिवंत वरिष्ठाची आज्ञा ही अनिच्छेवरची मात्रा आहे. आर्चबिशप झाल्यावरही अॅन्सेल्मला ती लागत राहिली. ज्याच्या आज्ञेत राहता येईल असा कोणी मला द्या, अशी त्याने पोपकडे मागणी केली आणि पोपने त्याच्याच शिष्याची, ईडमरची, त्या कामी नेमणूक केली!

नागदेवांना ही मात्रा उपलब्ध नव्हती. ज्यांची आज्ञा पाळायची ते दोघेही निघून गेले होते. शिवाय चक्रधरांनी घालून दिलेला आचार हाच मुळी पुढारीपणाच्या विरुद्ध जाणारा आहे. स्वदेश, स्वग्राम आणि आप्त यांचे संबंध तोडावेत, एका ठिकाणी मुळे रुजू देऊ नयेत, भिक्षेवर राहावे, एकटे हिंडावे, असा तो आचार. हा आचार जो पूर्णपणे पाळील त्याला समुदायाचा नायक होता येणार नाही, आणि जो समुदाय सांभाळील त्याला तो पूर्णपणे पाळता येणार नाही. त्यातही नागदेवांच्या समुदायात त्यांची माता आबाइसा होती, भगिनी उमाइसा होती, नात्यातील महदाइसा होती. आप्तसंबंध तोडून आलेल्या विरक्ताने आप्तांचाच आचार्य व्हायचे, असा हा विलक्षण पेच आहे. मराठी संशोधकांनी याची पुरेशी दखल घेतलेली नाही असे आम्हास वाटते.

यापुढची अडचण तत्त्वज्ञानाची आहे. महानुभाव मताप्रमाणे ज्ञान आणि प्रेम देण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वरापाशी आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच अवतार, हेच पंचकृष्ण. या गणनेत नागदेव नाहीत. पंथाने त्यांच्याविषयी कितीही आदर बाळगला तरी त्यांना सहावे स्थान दिले नाही. भारतीय संप्रदायांच्या इतिहासात ही गोष्ट सामान्य नव्हे. पुष्कळ ठिकाणी गुरूचा पहिला उत्तराधिकारी एका पिढीतच गुरुतुल्य आणि दुसऱ्या पिढीत देवतुल्य होतो. येथे आचार्य हा निमित्तमात्र राहिला. सन्निधान संपले आहे आणि आता असन्निधानात राहायचे आहे, ही जाणीव त्याला पदोपदी अडवते.

या पार्श्वभूमीवर ती दोन प्रसिद्ध वचने पुन्हा वाचली पाहिजेत. पंडित शिष्य संस्कृतप्रचुर भाषेत प्रश्न विचारू लागले तेव्हा, तुमचे हे पंडिती शब्द मला कळत नाहीत, मला चक्रधरांनी मराठीतून सांगितले आहे, तेव्हा मराठीतूनच विचारा, अशा अर्थाचे उत्तर नागदेवांनी दिले. हे वचन मराठीच्या कैवाराचे म्हणून गाजले आहे. पण त्याचा रोख पाहा. वक्ता स्वतःचे अज्ञान पुढे करतो आणि ज्ञानाचा उगम स्वतःकडे न ठेवता निघून गेलेल्या स्वामींकडे नेतो. आपण सांगतो ते आपले नाही, आपल्याला सांगितलेले आहे, आणि जसे सांगितले तसेच पुढे देता येईल, ही त्यातील भूमिका. ज्याला शास्त्रार्थ करून आचार्यपण मिरवायचे आहे तो असे बोलणार नाही. मराठी येथे अभिमानाचा विषय होण्यापूर्वी निष्ठेचा विषय आहे. स्वामींचे शब्द ज्या भाषेत उमटले ती भाषा बदलण्याचा अधिकार निमित्तमात्राला नाही.

दुसरे वचन केशिराजांना उद्देशून आहे. केशिराज संस्कृतात लेखन करू पाहत होते. त्यांना नागदेवांनी थांबवले, ते अशाने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील या कारणासाठी. या म्हाताऱ्या म्हणजे पंथातील वृद्ध स्त्रिया. त्यांच्यापैकी कित्येकींनी चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिले होते, पण संस्कृत त्यांना येत नव्हते. या उत्तराला भाषाविषयक धोरण म्हणणे म्हणजे त्यातील माणसे वजा करणे होय. येथे बोलणारा पुरुष राखणदार आहे. त्याच्या बोलण्यातील ‘माझ्या’ हा शब्द लक्षात घ्या. ज्ञान माझे नाही, शिष्य माझे नाहीत, स्थान माझे नाही असे मानणारा हा आचार्य म्हाताऱ्यांना मात्र आपल्या म्हणतो. पुढे केशिराजांनीच चक्रधरांच्या वचनांतून सूत्रपाठ सिद्ध केला आणि ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ मराठीत रचला.

यावर असा आक्षेप येईल की भाषेचा व भूमीचा अभिमान महानुभावांत नव्हताच काय? होता. महाराष्ट्रात राहावे अशी चक्रधरांचीच शिकवण आहे. तेव्हा नागदेवांच्या वचनातून मराठीचे प्रेम पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण प्रेमाचे कारण दाखवणे आणि प्रेमाची घोषणा करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भाषणांतून दुसरीच फार झाली आहे.

महदाइसेच्या बाबतीतही हेच दिसते. ‘धवळे’ रचणारी ही आद्य मराठी कवयित्री स्वभावाने प्रश्न करणारी होती. तिची चिकित्सा अधिकारी पुरुषाला त्रासदायक वाटावी अशीच, परंतु नागदेव तिच्या जिज्ञासेची आणि चर्चकपणाची प्रशंसा करतात. ती धर्म राखणारी आहे असे मानतात. पद घट्ट धरून बसलेल्याला प्रश्नाचे भय वाटते. ज्याला ते नको आहे त्याला प्रश्न विचारणारी व्यक्ती साहाय्यक वाटते, कारण राखणीचे ओझे तिच्यासह वाटून घेता येते.

याचा अर्थ नागदेव मवाळ होते असा कोणी करू नये. स्मृतिस्थळातील भटोबास वेळप्रसंगी कठोर बोलतात, आचारात शैथिल्य खपवून घेत नाहीत. अनिच्छा आणि दुबळेपणा यांचा काही संबंध नाही. पद नको असलेला अॅन्सेल्मच दोन इंग्लिश राजांपुढे वाकला नाही आणि १०९७ व ११०३ असे दोनदा देशोधडीला गेला. ज्याला गमावण्याची भीती नाही त्याला नमवणे राजांना जड जाते. यादव दरबाराशी नागदेवांचा असा उघड संघर्ष झाला नाही, पण त्यांच्या परिवाराकडे दरबारातून माणसे आली ती काही सोडूनच आली. रुक्मिणीस्वयंवर आपल्या नावे करून द्यावे म्हणून रामदेवरावाने सुवर्णाचे आमिष दाखवले असता नरेंद्राने ते नाकारले आणि पुढे तो नागदेवांकडे आला, ही कथा प्रसिद्धच आहे. योगायोगाने याच दशकात, १२९४ च्या जुलैत, बेनेडिक्टीय नियम पाळणारा एक वृद्ध तपस्वी इटलीतील डोंगरावरून आणून पोप करण्यात आला. पाचव्या सेलेस्टीनने डिसेंबरात पदत्याग केला. नागदेवांना पदत्यागाची सोय नव्हती, कारण त्यागण्यासाठी आधी पद तरी असावे लागते.

या अनिच्छेचे सर्वांत मोठे फळ वाङ्मयीन आहे. स्वतःच्या अधिकाराने बोलायचे नाही असे एकदा ठरले की दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे जतन करणे प्राप्त होते. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते ऐकून चक्रधरांच्या लीळा जमवल्या आणि त्या नागदेवांपुढे ठेवून तपासून घेतल्या. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ अशा पडताळणीतून निर्माण झाला. नागदेवांचे काम येथे लेखकाचे नव्हे, साक्षीदाराचे आहे. स्वतःचे मत घालण्यास त्यांना किती वाव होता, याचा विचार केला म्हणजे त्यांच्या संयमाची किंमत कळते. हेही खरे की साक्ष तपासणाऱ्याच्या हाती निवड करण्याची सत्ता येते, आणि निवड म्हणजे अधिकारच. पण ही सत्ता आपल्या पदासाठी वापरली गेली असती तर लीळाचरित्रात नागदेवांची प्रतिमा अधिक उजळ झाली असती. प्रत्यक्षात तेथे ते चुकणारे, स्वामींकडून वारंवार समजावून घेणारे शिष्य म्हणून येतात.

ईडमरची हकीकत याच्या शेजारी ठेवण्याजोगी आहे. तो आपले चरित्र लिहीत आहे हे अॅन्सेल्मला कळले तेव्हा त्याने आरंभी काही दुरुस्त्या सुचवल्या. थोड्या दिवसांनी मात्र त्याचे मन फिरले आणि पाने नष्ट करण्याची आज्ञा झाली. ईडमरने आज्ञा पाळली, पण पानांची नक्कल करून ठेवल्यावर! पुढे त्याने ही अवज्ञा स्वतःच चरित्रात कबूल केली. पाश्चात्त्य वाङ्मयातील एक उत्तम चरित्र अशा रीतीने शिष्याच्या आज्ञाभंगामुळे वाचले. लीळाचरित्र आज्ञापालनामुळे झाले, कारण ते आचार्याचे चरित्र नव्हते. आचार्याच्या आठवणी लिहिल्या गेल्या त्या त्याच्या पश्चात.

आणि येथेच समीक्षकाने सावध होण्याची वेळ येते. स्मृतिस्थळाचे आद्य संकलन परंपरा नरेंद्र व परशराम यांच्याकडे देते, आणि त्यात पुढील पिढ्यांत भर पडत गेली. दरम्यान नागदेवांनंतर बाइदेवबास, त्यांच्यानंतर कवीश्वर भास्करभट्ट असे आचार्य झाले. पुढे पंथ तेरा आम्नायांत विभागला, महंतांच्या गाद्या निर्माण झाल्या आणि जे पद नागदेवांच्या काळी नव्हते ते आता वादाचा विषय झाले. अशा काळात आद्य आचार्याची निरिच्छ मूर्ती रेखाटण्यात संकलकांचा काही हेतू नव्हता असे गृहीत धरता येत नाही. भांडणाऱ्या वारसांना लाजवण्यासाठी ती रेखाटली गेली असणे शक्य आहे, तसेच एखाद्या शाखेने आपणच त्या निरिच्छतेचे वारस आहोत हे ठसवण्यासाठी तिच्यात रंग भरला असणेही शक्य आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या नागपूरच्या विद्वानांनी पाठचिकित्सेची भक्कम परंपरा उभी केली. लीळाचरित्राच्या वाट्याला आलेली ती बारकाई स्मृतिस्थळाच्या वाट्याला त्या प्रमाणात आलेली नाही. निरनिराळ्या आम्नायांच्या पोथ्यांत कोणत्या स्मृती अधिक आहेत, कोणत्या गळल्या आहेत, आणि नागदेव स्वतःला मागे सारतात त्या स्मृतींचे पाठ कोठे स्थिर व कोठे डळमळीत आहेत, हे एकेक स्मृती घेऊन ताडून पाहावे लागेल. म्हाताऱ्यांविषयीच्या त्या उत्तरापासून आरंभ करावा, कारण तेच सर्वांत अधिक वेळा उद्धृत झालेले आहे.